खंडेनवमीचं तेल

२३ नोव्हेंबर, रविवार

हाताचा वास जात नाही. दोनदा साबण लावला, मग लिंबाची साल चोळली. खवट, जुन्या देवघरासारखा वास आहे आणि त्यात लोखंड मिसळलंय. शेवटी चमच्याने जेवले.

महेशभाऊजी सकाळी आठलाच आले. ह्यांचे धाकटे भाऊ. मळ्यात आमच्या बंगल्याला लागूनच त्यांचा बंगला, त्यामुळे दार वाजवायची पद्धत त्यांना कधी लागली नाही. चपलांसकट सरळ कपाटापाशी. म्हणाले, "वहिनी, दादाची रायफल काढा."

त्यांच्या योगेशचा साखरपुडा चौदा डिसेंबरला मळ्यातच आहे. सातशे माणूस येणार, आणि भाऊजी मुलीकडच्यांना सांगून बसलेत की आमच्या घराण्यात नवरा-नवरी पुढे आली की बार काढतात.

मी म्हटलं, "भाऊजी, आता ते चालत नाही. गुन्हा आहे तो."

"मळ्यात कोण बघायला येतंय? आणि लायसन आहे की तुमच्याकडे."

"ते पीक राखायला आहे."

"मग पीकच राखतोय. पाव्हणे द्राक्षात शिरले तर?"

तीन वर्षांपूर्वी हे गेले. आमची तेजस्विनी बंगळुरूला, तिला हे लोखंड नको होतं, म्हणून परवाना माझ्या नावावर झाला. तेव्हापासून रायफल कपाटात उभी आहे. बावीस बोअरची, सेल्फ लोडिंग. एक गोळी सुटली की बोल्ट आपोआप मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर टाकतो, मॅगझिनमधली पुढची गोळी नळीत ढकलतो आणि बंद होतो. निदान तसं व्हायला हवं.

विहिरीमागे मातीचा ढीग आहे, तिथे भाऊजींनी चालवून पाहिली. पहिली सुटली. दुसरी नाही. पुंगळी अर्धवट बाहेर येऊन अडकली, दातात काडी धरल्यासारखी. भाऊजींनी बोल्टवर तळहाताने दोन दणके दिले. मी ओरडले, "आधी नळी खाली करा." कॉलेजात एनसीसीला होते तेव्हाची सवय. ते म्हणाले, "वहिनी म्हणजे आमच्या कर्नल." पण नळी खाली केली.

आमच्याकडे कामाला असलेली मैना चहा घेऊन येत होती. तिने लांबूनच रायफल पाहिली, ट्रे विहिरीच्या कठड्यावर ठेवला आणि परत गेली. चहा गार झाला. मला जरा रागच आला, पण मग वाटलं, तिला आवाजाची भीती असणारच. भाऊजींच्या लग्नात फटाका उडून तिचा डावा डोळा गेला. मी तेव्हा तेजस्विनीच्या वेळी इगतपुरीला माहेरी होते, परत आले तेव्हा तिच्या डोळ्यावर पट्टी होती. ह्यांनी तिचा सगळा दवाखाना केला. दर दिवाळीला तिचं लुगडं हे स्वतः दुकानात जाऊन निवडायचे. माझी साडी कधी निवडली नाही. हे गेल्यावर ती रीत मी चालू ठेवलीय. इतक्या मऊ मनाचा माणूस, आणि मागे ठेवलं काय, तर हे लोखंड.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

भाऊजींबरोबर नाशकात शस्त्रांच्या दुकानात. परवाना माझा, म्हणून मी जायला हवं. गल्लीत उन्हाचा पत्ता नाही, दारात पानाच्या पिचकाऱ्या. आत गोटीराम मिस्त्री. सातपूरला तीस वर्षं फिटर होते, आता ह्या दुकानात हत्यारं दुरुस्त करतात. नखं स्वच्छ कापलेली. मला बरं वाटलं ते पाहून.

त्यांनी आमची काडतुसं तळहातावर घेतली. "कधीची?"

"दोन हजार बाराची असतील."

"ह्यांच्यापेक्षा दिवाळीच्या टिकल्या बऱ्या." मग रायफलीचा वास घेतला आणि मान मागे नेली. "बाई, दोन दिवस ठेवून जा. उघडून बघतो."

भाऊजी म्हणाले, "उघडायचं काय त्यात? काडतुसं जुनी आहेत, तुम्हीच म्हणालात." नवी पेटी घेतली आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "ह्यांना काय, उघडलं की चार वस्तू बदलायला सापडतात."

२७ नोव्हेंबर, गुरुवार

नव्या काडतुसांनी सकाळी सातला पुन्हा तेच. एक सुटली, दुसऱ्या वेळी बोल्ट पुरता बंदच झाला नाही. बोटभरही नसेल, पण फट राहिली. भाऊजींनी तिला आईवरून शिव्या दिल्या. माणसं वस्तूंना बायका का समजतात कोण जाणे, आणि समजल्यावर अशा का बोलतात.

दुपारी तीनला पुन्हा पाहिली तर दहापैकी दहा. एकही अडकली नाही.

त्यांतल्या शेवटच्या पाच मी झाडल्या. भाऊजींच्या हातातून कधी घेतली ते कळलंच नाही. गाल लाकडाला लावला, श्वास अर्धा सोडला, आणि मी थेट एकोणीस वर्षांची झाले. गोणपाटावर पालथ्या झोपलेल्या आम्ही बारा जणी, कोपरं सोललेली, पलीकडे लाल झेंडा. माझ्या पाच गोळ्या तेव्हा रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जायच्या. सुभेदारसाहेब म्हणायचे, ही मुलगी कॉन्व्हेंटची, बोलते हळू आणि मारते बरोबर.

लग्नानंतर घरात रायफल आहे म्हटल्यावर वाटलं होतं, कधीतरी माझ्याही हातात येईल. आली, खंडेनवमीला. पाटावर.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी पुन्हा अडकली. योगेशने मोबाइलवर कोणा परदेशी माणसाचा व्हिडिओ पाहून ठरवलं की मॅगझिनची स्प्रिंग सैल आहे. पकडीने ओढून ताणली. आता ती वाकडी आहे आणि गोळी जरा तिरकी वर येते. त्याचा मित्र म्हणाला, काका, हिला कोणाची तरी नजर लागलीय.

भाऊजी म्हणाले, "तेल कमी पडतंय. वहिनी, तेल आणा."

मी स्वयंपाकघरातून खोबरेलाची बाटली आणली. त्यांनी बोल्टवर धार धरली आणि बनियनला हात पुसले. सगळीकडून ओघळत होतं. ते चकाकणारं ओलं लोखंड, त्याभोवती चार पुरुष वाकून बघताहेत, कोणी बोट घालून बघतंय. मला अंघोळ करावीशी वाटली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

वाकड्या स्प्रिंगनेही दुपारी आठपैकी आठ. सकाळी एक. ह्याला काय म्हणावं?

३० नोव्हेंबर, रविवार

कळलं.

अंघोळीआधी डोक्याला लावायला बाटली उलटी केली, थेंब पडेना. थंडीत रोजच असं होतं, मी रोज ती गरम पाण्याच्या बादलीत उभी करते आणि मुकाट्याने वाट बघते. आज बाटली हातात धरून तशीच उभी राहिले.

खोबरेल गोठतं. पहाटे आमच्याकडे आठ-नऊ डिग्री. दुपारी ऊन लागलं की सुटतं. म्हणून दुपारी दहापैकी दहा आणि सकाळी एक.

आणि ते तेल कोणी घातलं? परवा भाऊजींनी धार धरली ती शेवटची. त्याआधी दर वर्षी मी. छत्तीस खंडेनवम्या. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सासूबाईंनी शिकवलं होतं: विळा, कोयता, कुदळ, शेवटी रायफल, सगळ्यांना तेलाचं बोट, हळद-कुंकू, अक्षता, झेंडू. मी मनापासून करायची. तेलाचं बोट नुसतं टेकवायचं नाही, चोळायची मी. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला चॅपलचे पितळी दिवे पुसायला लावायच्या, खाचेतून बोट फिरवून बघायच्या. तशीच मी बोल्टच्या खाचांतून बोट फिरवून हळद भरायची. हे म्हणायचे, रायफल नव्या नवरीसारखी दिसतेय.

१ डिसेंबर, सोमवार

भाऊजी नाशकात पत्रिका आणायला गेले होते. मी ओसरीवर वर्तमानपत्र पसरलं, मॅगझिन काढलं, नळी रिकामी असल्याची दोनदा खात्री केली आणि बोल्ट बाहेर काढला. पाना फिरवायला हात विसरले नव्हते.

आतून जे निघालं ते लिहिते, कारण पाहिल्याशिवाय कोणी विश्वास ठेवणार नाही. तपकिरी मेण, नखाने खरवडावं लागेल असं. त्यात हळदीचे पापुद्रे, कुंकवाचा काळा चिखल, झेंडूच्या पाकळ्या तंबाखूसारख्या झालेल्या. झुरळाचा पाय. आणि बोल्ट जिथे जाऊन टेकतो, त्या बरोबर कोपऱ्यात तांदळाचे तीन दाणे, तेलात मुरून दगड झालेले. रॉकेल, जुना दातांचा ब्रश, काड्या. चार तास. दोनदा उठून मोरीत हात धुऊन आले. माझीच श्रद्धा मी काडीने उकरून काढत होते आणि तिला वास येत होता.

भाऊजींना फोन करून येताना गोटीराम मिस्त्रींकडून नवी स्प्रिंग आणायला लावली आणि रात्रीच बसवली.

२ डिसेंबर, मंगळवार

सकाळी साडेसहा, दहिवर पडलेलं. वीसपैकी वीस. पुंगळ्या एकामागून एक उजवीकडे उडत होत्या, एकसारख्या अंतरावर. भाऊजी खरोखरच माझ्या पाया पडले. म्हणाले, "दादाला हे कधी जमलं नाही." योगेश म्हणाला, "मोठीआई, तू स्टेजवर ये, तूच उडव."

मला आनंद झाला. हे लिहून ठेवते, कारण पुढे कधीतरी नाकारावंसं वाटेल.

३ डिसेंबर, बुधवार

एकटीच गोटीराम मिस्त्रींकडे जाऊन आले. नवी स्प्रिंग नीट बसलीय का ते त्यांनी बघावं, आणि खरं सांगायचं तर त्यांनी माझं काम बघावं, असं वाटत होतं. तांदळाचे दाणे कागदाच्या पुडीत नेले होते. त्यांना हसू आलं नाही.

"बाई, हे लई वाईट," म्हणाले. "अडकली तर बरं असतं. पण असा दाणा मधे आला, बोल्ट पुरता बसला नाही, आणि वरून कोणी थापट मारली, तर गोळी नळीत पूर्ण नसतानाच सुटते. मग पुंगळी फुटते. पितळेचे तुकडे ह्या, पुंगळी पडायच्या खिडकीतून बाहेर. उजव्या हाताला जो उभा, त्याच्या तोंडावर."

मग ते चष्मा लावून त्या खिडकीच्या कडेला बोट फिरवू लागले. बराच वेळ. "ही फुटलीय एकदा," म्हणाले. "ही बघा, कड खाल्लीय. लाकडावर काळं आहे. आणि आत पुंगळी ओढायची जी आकडी असते, ती मूळची नाही, कोणीतरी नंतर बसवलीय. जुनं काम आहे. पंचवीस-तीस वर्षांचं."

मी म्हटलं, "नसेल. आमच्या घरात असं काही झालेलं नाही. ह्यांनी मला सांगितलं असतं."

ते म्हणाले, "असंल." आणि पुडी परत दिली.

४ डिसेंबर, गुरुवार

आमच्या घरात येण्याआधी रायफल कोणा दुसऱ्याची होती का, ते मी शोधत होते. परवान्याच्या जुन्या कागदांत नाही. सासऱ्यांनी कोरी घेतलेली.

खोकला आहे. वेलदोड्याचा चहा घेतला.

५ डिसेंबर, शुक्रवार

भाऊजींना विचारलं, "ही रायफल कधी फुटली होती का?"

ते मंडपवाल्याशी फोनवर बोलत होते. फोन खाली केला. "कोण म्हणतं?"

"मिस्त्री."

"त्या म्हाताऱ्याला दिसतं का तरी नीट? वहिनी, आता नवीन काही काढू नका. नीट चालतेय ना? झालं तर मग." आणि फोन कानाला लावून शेडच्या मागे गेले. आमच्या भाऊजींना फोनवर बोलताना कधी एकांत लागत नाही. सगळ्या गिरणारे गावाला ऐकू जाईल असं बोलतात.

रात्रीचं जेवण केलं नाही. त्यांच्या लग्नाचा अल्बम मागायचं मनात आलं. मागितला नाही.

७ डिसेंबर, रविवार

मैनाकडे गेले. तिची खोली मळ्याच्या टोकाला, पंपाशेजारी. सावळीराम, तिचा नवरा, ठिबकच्या नळ्या बदलायला गेला होता. ती ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मी पायरीवर टेकले तर म्हणाली, "बाई, खाली नका बसू, गार हाय," आणि गोणपाट टाकलं.

थोडा वेळ मीही मेथी निवडली. मग विचारलं, "मैना, तुझा डोळा फटाक्याने गेला ना?"

तिचे हात थांबले नाहीत. "असं का इचारता?"

"मिस्त्री म्हणाला रायफल फुटली होती."

ती माझ्याकडे बघत राहिली, चांगल्या डोळ्याने, मान जरा तिरकी करून, जशी ती नेहमी बघते. मला वाटलं चिडली. ती म्हणाली, "म्हंजे तुमाला ठावं नव्हतं?"

मी मान हलवली.

"मला वाटलं तुमाला ठावं हाय. तीस वर्सं मला वाटतंय बाईला समदं ठावं हाय."

मग तिने सांगितलं. भाऊजींच्या लग्नात, मांडवाच्या दारात, हे बार काढत होते. ती एकोणीस वर्षांची, आरतीचं ताट घेऊन ह्यांच्या उजव्या अंगाला उभी. दवाखान्यात सासऱ्यांनी सांगितलं, फटाका म्हणायचं. सावळीरामलाही तेच सांगितलं. राहायला खोली मळ्यातलीच होती. ते फटाका म्हणाले.

मी म्हटलं, "मैना, त्या वर्षी पूजा मीच केली होती. इगतपुरीला जायच्या आधी. ते तेल माझ्या हातचं होतं. आत तांदूळ अडकले होते, ते माझे."

तिने मेथीची काडी मोडली. "तेल तुमी लावलं. ठोकलं कुनी?"

मी जुडीतली पुढची काडी उचलली.

"दर दिवाळीला तुमी लुगडं घिऊन याचा," ती म्हणाली, "अन् म्हनायचा, ह्यांची आठवण म्हणून. मला वाटायचं, बाई बी काय बाई हाय. तोंडावर हसती अन् सांगती, गप राह्य."

निवडलेली मेथी तिने टोपलीत भरली. मी उठले तेव्हा तिने गोणपाट झटकून घडी घातली आणि भिंतीला लावून ठेवलं. चहा विचारला नाही. तिने विचारावा असं मला का वाटलं, तेही घृणास्पदच आहे.

८ डिसेंबर, सोमवार

ह्यांचा फोटो हॉलमधला. सकाळी हार बदलायची वेळ झाली, बदलला नाही. चेहरा तोच आहे, ज्याला मी बत्तीस वर्षं चहा दिला. शिसारी त्या चेहऱ्याची येतेय की माझ्या चहाची, सांगता येत नाही.

राहून राहून एकच गोष्ट. दुकानात बसून, गादीवर लुगडी उलगडून, हा रंग नको, तो दाखवा, करत होते ते. मी शेजारी बसून मनात म्हणायची, किती माया. आणि हे गेल्यावर मी तीन लुगडी दिली. तीन वेळा तिच्या दारात उभी राहून तेच बोलले, हसून. पहिल्या वर्षी तिने घडी न उघडताच ठेवून दिली तेव्हा मला वाटलं होतं, दुःख अनावर झालं तिला. घरी येऊन मी रडले होते.

कॉन्व्हेंटमध्ये दर शुक्रवारी कबुलीसाठी रांग लागायची. आम्ही हिंदू मुली बाहेर बाकावर बसून आत गेलेल्यांचा हेवा करायचो, पाच मिनिटांत कोऱ्या होऊन यायच्या म्हणून. मला अजून तो हेवा वाटतोय.

१० डिसेंबर, बुधवार

भाऊजी रायफल न्यायला आले. "चार दिवस आधी माझ्याकडे राहू दे. योगेशचा हात बसायला हवा."

मी म्हटलं, "मिळणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मैनाचा डोळा."

ते सोफ्यावर बसले. उठून पंखा लावला, डिसेंबरात, मग बंद केला. "वहिनी, चूक झाली होती. दादाला आयुष्यभर लागून राहिलं ते. आपण काही कमी केलं का तिचं? दुसरीकडे असती तर कोणी विचारलं नसतं."

"फटाका कोणी म्हणायला लावलं?"

"बाबांनी. माझं लग्न होतं हो. मांडवात पोलीस आणायचे होते का?" मग आवाज खाली आणून, "आता तर तुम्ही नीट केलीय. तुमच्याच हाताने. आता काय भीती?"

हेच. ह्याच वाक्याची मी परवापासून वाट बघत होते. नीट करून मीच त्यांच्या हातात दिली असती, आणि पाया पडल्यावर आशीर्वादही दिला असता.

"ही मी जमा करणार आहे," मी म्हटलं. "परवान्यासकट."

"मुलीकडच्यांना काय सांगू?"

"सांगा, वहिनीचं डोकं फिरलंय."

"ते सांगायची गरज पडणार नाही," ते म्हणाले आणि गेले. दार उघडंच टाकून. जाऊबाईंनी संध्याकाळी दोन बंगल्यांमधल्या फाटकाला कुलूप लावलं. लावताना माझ्याकडे पाहिलं नाही. बिचारी, तिच्याच लग्नातली गोष्ट.

१२ डिसेंबर, शुक्रवार

काल सकाळी मैनाला सांगायला गेले होते की उद्या जमा करतेय. आज मी गाडी काढली तर ती मळ्याच्या फाटकाशी उभी. डोक्यावर पदर, पायात सावळीरामच्या चपला.

"मी येते," म्हणाली. "कुठं ठेवत्यात ते बघायचंय मला."

रायफल मागच्या सीटवर, चादरीत गुंडाळलेली. मैना पुढे माझ्याशेजारी बसली. इतक्या वर्षांत ती माझ्या शेजारी कधी बसली नव्हती. मखमलाबादच्या पुढे एकदा ती म्हणाली, "बाई, ट्रॅक्टर," आणि मी ब्रेक दाबला.

ठाण्यात हवालदार तरुण होता, नम्र. परवाना तपासला, नंबर जुळवला, बोल्ट मागे ओढून आत पाहिलं. "छान ठेवलीय की. चालू आहे?"

"चालू आहे. मीच साफ केली."

त्याने मला अर्जाचा नमुना सांगितला आणि कागद पुढे केला. कारण लिहायचं होतं. "वापर नाही, एवढं लिहा, मॅडम. सगळे तेच लिहितात."

मी त्याला आणखी एक कागद मागितला.

माझं अक्षर अजून चांगलं आहे. सिस्टरांनी रूळ मारून मारून बसवलेलं. मी लिहिलं, की डिसेंबर १९९६ मध्ये, दिराच्या लग्नात, ह्या रायफलीची पुंगळी फुटून आमच्या मळ्यातल्या श्रीमती मैना सावळीराम ह्यांचा डावा डोळा गेला. रायफल माझे पती श्री. ज्ञानेश ह्यांच्या हातात होती. घटना लपवून फटाक्याची सांगितली गेली. रायफलीत मी दर वर्षी पूजेचं तेल आणि अक्षता घालत होते, त्यामुळे तिचा बोल्ट पुरता बंद होत नव्हता. त्यामुळे अपघाताने गोळी सुटली. ह्यांचं नाव लिहिताना पेन एकदा अडलं. पण लिहिलं.

हवालदाराने वाचलं. "मॅडम, एवढ्या जुन्या गोष्टीचं आता काय होणार? साहेब नाहीत ना आता."

"काही होऊ नये म्हणून नाही लिहिलं, आणि व्हावं म्हणूनही नाही. कारण विचारलंत, ते लिहिलं."

मैना बाकावरून उठून माझ्या खांद्याशी आली. "काय लिव्हलं ते वाचा."

मी वाचलं. ती ऐकत होती, मान तिरकी. शेवटच्या ओळीला म्हणाली, "अपघातानं नाय."

"मग काय लिहू?"

ती टेबलावरच्या रायफलीकडे बघत बोलली, माझ्याकडे नाही. "पयली उडाली. दुसरी अडकली. मी शेजारीच हुते, मी बघितलं, तिचं तोंड मिटलं नव्हतं. मी म्हनले, मालक, ती बरी नाय, ठेवा खाली. समद्यांच्या देखत म्हनले. ते हसले. म्हनले, मैना भ्याली रे. म्हनले, पुढं सरक, ताट नीट धर, फोटू निघायचाय. मी सरकले. मंग त्यांनी ठोकली."

हवालदाराने शिक्क्याचा डबा उघडला होता, तो तसाच राहिला.

मी 'अपघाताने' हा शब्द खोडला. खाली जागा कमी होती, अक्षर बारीक केलं, आणि ती म्हणाली ते त्याच क्रमाने उतरवलं. मैना माझ्या बोटांकडे बघत होती. तिला वाचता येत नाही, तरी ती प्रत्येक शब्द मोजत असल्यासारखी बघत होती.

"पुन्यांदा वाचा," म्हणाली.

मी वाचलं. "मैना ह्यांनी रायफल खाली ठेवण्यास सांगितले. माझे पती हसले."

"हां," ती म्हणाली, आणि अंगठ्यासाठी हात पुढे केला.